परक्या बाजारांतील आंकडे



परदेशीं बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसाची पहिली परीक्षा कचेरींत होत नाहीं. ती वाण्याच्या दुकानांत होते. पुड्यावर 'साखर' असें छापलेलें असूनहि आंतील साखर आपल्या ओळखीची नसते, ही गोष्ट कोणतीहि पदवी शिकवीत नाहीं.

पुण्याचें एक तरुण दांपत्य २०२४ च्या अखेरीस नोकरीनिमित्त जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं राहावयास गेलें. हें शहर १९६८ पासून मुंबईचें भगिनी-शहर आहे. परंतु नात्याचा उपयोग बाजारांत होत नसतो. गृहिणी पदवीधर, इंग्रजी उत्तम. जर्मन मात्र चार धड्यांपुरतें. पहिल्याच आठवड्यांत तिनें साखरेचा पुडा आणला. चहांत दूध पडलें, साखर पडली, आणि चहा नासला. पुन्हां केला, तोहि नासला. दुधाला यथेच्छ दोष देऊन झाल्यावर पुड्यावरील बारीक अक्षरें कोशाच्या साहाय्यानें लावलीं, तेव्हां उलगडा झाला. ती 'गेलियरत्सुकर' होती; म्हणजे फळांचा मुरंबा घट्ट व्हावा म्हणून पेक्टिन व लिंबाचें आम्ल मिसळलेली साखर!

नंतर पिठाची पाळी आली. तेथें गव्हाच्या पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आंकडे असतात. तिनें ४०५ चें आणलें व पोळ्या चिवट झाल्या. शंभर ग्रॅम पीठ जाळलें असतां सुमारें जितके मिलिग्रॅम राख उरते, तितका हा आंकडा. आंकडा लहान, तितका कोंडा कमी. म्हणजे ४०५ हा आपला मैदाच. यजमानहि मागें राहिले नाहींत. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या त्यांनीं महिनाभर केरांत टाकल्या. त्या दुकानांतील यंत्रांत परत केल्या असतां बाटलीमागें २५ सेंट अनामत परत मिळते, हें त्यांना फार उशिरां कळलें.

येथवर सर्व हसण्यावारी गेलें. परंतु एके दिवशीं आठवडे बाजारांत भाजीवालीनें पस्तीस सेंट मागितले, आणि गृहिणीनें त्रेपन्न मोजून दिले. भाजीवालीनें नाणीं परत सारून तोच आंकडा मोठ्यानें उच्चारला. हिनें पुन्हां त्रेपन्नच मोजले. मागें रांग खोळंबली. कोणी सुस्कारा टाकला. त्या दिवसापासून तिनें बाजारांत पाऊल टाकलें नाहीं. एका सुशिक्षित स्त्रीला घरांत कोंडण्यास एवढा एक आंकडा पुरला.

पुढें २०२५ चा पाडवा आला, तो नेमका रविवारीं, ३० मार्चला. चक्क्याच्या जागीं तेथील 'क्वार्क' आणून ठेवलें होतें. श्रीखंड करावयास घ्यावें, तों घरांत साखर नाहीं! जर्मनींत रविवारीं बहुतेक सर्व दुकानें बंद असतात. त्या दिवसाच्या विश्रांतीला राज्यघटनेचेंच संरक्षण आहे. नाइलाजानें तिनें शेजारच्या वृद्ध बाईंचें दार ठोठावलें. बाईंनीं साखर दिली, बसवून घेतलें आणि बाजार कां सोडला तें विचारलें. मग कागदावर ३५ लिहून त्यांनीं प्रथम पांचावर बोट ठेवलें, मग तिनावर, आणि म्हटलें, "फ्युन्फ-उंट-ड्रायसिश." पांच आणि तीस!

गृहिणी क्षणभर स्तब्ध झाली. 'पस्तीस' म्हणतांना आपणहि पांचच आधीं उच्चारतों, तीस मागून! इंग्रजीच्या वळणानें ऐकल्यामुळें तिचा आंकडा उलटा झाला होता. मराठीच्या वळणानें ऐकला असता, तर तो सरळच होता. त्या दुपारीं श्रीखंडाची वाटी शेजारीं गेली, आणि पुढच्या आठवड्यांत पिशवी घेऊन गृहिणी स्वतः बाजारांत गेली.

अशी फजिती म्हणजे मूर्खपणा नव्हे. कोणी जर्मन बाई पुण्याच्या मंडईंत आली, तर आपला 'गोडा मसाला' ती खिरींत घालणार नाहीं कशावरून? आणि 'गोडें तेल' गोड नसतें, हें तिला कोणी सांगावें? अशा वेळीं तोच शब्द मोठ्यानें ओरडून सांगितल्यानें काम होत नाहीं. त्या शेजारीण बाईंप्रमाणें कागद घ्यावा, बोट ठेवावें आणि सावकाश सांगावें. एवढ्यानें एक माणूस घरांत कोंडून राहावयाचें वांचतें.