वाहनाचा नियम आणि आपली सायकल

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचे शब्दांकन)

 

सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून सायकलचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. मला अपरिग्रहावर बोलण्याची आज्ञा झाली होती. त्यासाठी श्रावकाच्या चौदा नियमांची यादी पुन्हा वाचली आणि ‘वाहन’ या शब्दापाशी थांबलो.

सचित्त, द्रव्य, विगई यांच्या मर्यादा आपण मोठ्या दक्षतेने पाळतो. आज किती द्रव्ये घेतली, हे पर्युषणात आपली लहान मुलेही बोटांवर मोजून सांगतात. त्याच यादीत वाहन आहे, दिशाही आहे. दिगंबर परंपरेत समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त नियम करावयाच्या गोष्टी सांगताना भोजनापाठोपाठ वाहनाचेच नाव घेतले आहे. वाहन म्हणजे बैलगाडी, घोडा किंवा पालखी, असा तो काळ. तरीही त्याला मर्यादा असावी असे आचार्यांना वाटले. आपण मात्र ‘वाहन : एक’ असे मनाशी धरून मोकळे होतो. ते एक वाहन दिवसातून किती वेळा निघाले आणि कशासाठी, याची नोंद कोणी ठेवत नाही.

मी पंधरा दिवस ती ठेवली. घर, दुकान, देरासर, बँक, पुन्हा घर. गावाबाहेरच्या दोन फेऱ्या सोडल्या तर तीन किलोमीटरच्या पलीकडे मोटार गेलीच नव्हती. आपले गोंदिया ते केवढे! सिव्हिल लाइन्समधून निघालेला मनुष्य जयस्तंभ चौक, गोरेलाल चौक करून सामायिकाच्या वेळेत परत येऊ शकतो.

आता व्यापाऱ्याच्या रीतीने हिशेब मांडू. रोज सहा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे 1800 किलोमीटर. शहरातील गर्दीत मोटार लिटरला 12 किलोमीटर चालली असे धरले, तर 150 लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला झाला 345 किलो. यात आणखी एक मेख आहे. थंड इंजिन पहिल्या काही मिनिटांत अधिक इंधन खाते, आणि धूर शुद्ध करणारे यंत्र तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. म्हणजे जवळची फेरी किलोमीटरमागे सर्वांत महाग आणि सर्वांत मलिन. साठ-सत्तर किलोचा देह वाहून नेण्यासाठी हजार किलोचे लोखंड हलवायचे, याला अनर्थदंडाखेरीज दुसरे नाव मला सुचत नाही. तेजस्काय आणि वायुकाय जीवांची विराधना मानणाऱ्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

कोणी म्हणेल, सायकलच्या चाकाखाली जीव चिरडत नाहीत काय? चिरडतात. सायकल निर्दोष नाही. निर्दोषतेच्या जवळ जावयाचे तर पायी विहार करणाऱ्या साधू भगवंतांकडेच पाहावे लागेल. पण यतनेसाठी आधी जीव दिसावा लागतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवर मखमली लाल किडे निघतात. त्यांनाच इंद्रगोप म्हणतात. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात त्रीन्द्रिय जीवांत त्यांचे नाव आले आहे. पाठशाळेत आपण ती गाथा मुलांकडून पाठ करून घेतो आणि त्याच मुलांना काचा लावलेल्या मोटारीतून घरी नेतो. सायकलवरच्या मुलाला तो किडा दिसतो, हँडल वळवता येते. ईर्यासमिती ही मुनींची. पण चार हात पुढची जमीन पाहण्याची सवय श्रावकाच्या मुलालाही लागू शकते.

अडचणी खऱ्या आहेत. वैशाखात दुपारचे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते. धानाचे ट्रक अंगावर आल्यासारखे येतात. गुडघे दुखणाऱ्या वडिलांना मी सायकलवर बसवू इच्छित नाही, आजाऱ्याला किंवा तान्ह्या बाळाच्या आईलाही नाही. सकाळी पूजेला आणि दिवस मावळण्यापूर्वी दुकानातून घरी, एवढ्या दोन फेऱ्यांपुरतेच माझे म्हणणे आहे.

खरी अडचण प्रतिष्ठेची आहे, आणि ती सभेत कोणी बोलून दाखवत नाही. कुडवा, फुलचूर, नागरा येथून राइस मिलवर आणि बाजारात कामाला येणारी माणसे वर्षानुवर्षे सायकलने आली. म्हणून सायकल त्यांची आणि मोटार आपली, अशी वाटणी आपण करून टाकली. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर त्या सायकलने जातील, असे गृहीत धरले जाते. देवरी-सालेकसाच्या मुलीला पाच किलोमीटर झेपतात. आम्हाला देरासरापर्यंत दीड झेपत नाही.

विश्वस्तांना एक विनंती करतो. आवारात दर्शनी भागात मोटारी उभ्या राहतात; सायकल लावायला मागच्या भिंतीशी, नळाजवळच्या चिखलात जावे लागते. मुख्य दरवाजाजवळच्या दोन मोटारींच्या जागेवर छप्पर घालून सायकलींसाठी कठडा करावा. त्या जागेत वीसएक सायकली सहज मावतील. छपराच्या खर्चातील माझा वाटा मी आजच कार्यालयात लिहून देतो. पहिली सायकल माझी असेल.

बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही निघाले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्. जय जिनेन्द्र.