बीडीडी चाळ नवा पत्ता घेते

मुंबईत वरळीच्या जांबोरी मैदानाजवळ सध्या दोन काळ शेजारी उभे आहेत. एकीकडे जुन्या बीडीडी चाळी, दुसरीकडे चाळीस मजली इमारती.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळीत १२१ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली फक्त १६० चौरस फुटांची. शौचालयं सामायिक. आजारी माणसाचे, गरोदर बाईचे त्यात किती हाल होत असतील! म्हणूनच १४ ऑगस्ट २०२५ रोजी म्हाडाच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घराच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा सर्वांत मोठी कमाई मला घरातल्या स्वतंत्र शौचालयाची वाटली.

चाळीत दारं दिवसभर उघडी असत. गॅलरीत वाळवणं पडत, पोरांचा अभ्यास होई, एखादी आजी एकटी असली तरी येणाऱ्या-जाणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष असे. टॉवरमध्ये दार बंद असतं. तिथे ही विचारपूस ठरवून करावी लागेल. मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ते काम आपणहून अंगावर घ्यावं, असं मनापासून वाटतं. शिवाय लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे हा खर्चही पुढे सोसायटीच्या हिशेबात येणार.

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचाही पुनर्विकास सुरू आहे. तिथल्या कुटुंबांनी वरळीत आधी राहायला गेलेल्यांकडून हे व्यवहार आत्ताच समजून घ्यावेत.