वनस्पतिशास्त्राच्या वर्गाचे नियम

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी ‘विद्यार्थ्यांपुढील ध्येये’ या विषयावर बोलावे, असे चिटणीसांनी सुचविले होते. परंतु ध्येयांविषयी बोलणारे वक्ते आपल्या सभांना कधीच कमी पडलेले नाहीत. माझे आयुष्य अकरावी-बारावीच्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकविण्यात गेले. तेव्हा त्या वर्गात विद्यार्थ्याकडून काय अपेक्षिले जाते आणि तेथील नियम तसे का आहेत, एवढेच सांगण्याची परवानगी मी मागून घेतली. हे बोलणे मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांसाठी अधिक आहे. कारण या नियमांपैकी सर्वांत मोलाचा नियम वर्गात क्वचितच मोडतो, तो बहुधा घरी मोडतो.

किरकोळ वाटणारे नियम आधी सांगून टाकतो. सूक्ष्मदर्शक यंत्र दोन्ही हातांनी उचलावे, एक हात दांड्याला आणि दुसरा तळाखाली. पाहण्यास प्रारंभ नेहमी कमी शक्तीच्या भिंगाने करावा. भिंग खाली आणताना डोळा नळीला न लावता बाजूने काचपट्टीकडे पाहावे. नाहीतर भिंग काचेवर आदळते आणि दोन्हींचे नुकसान होते. वापरलेले ब्लेड मोरीत न टाकता डब्यात टाकावे, कारण मोरी धुणाऱ्याला हात असतात. वर्गात आणलेली कोणतीही वनस्पती तोंडात घालू नये. कण्हेर आणि धोतरा ही दोन्ही आपल्या ओळखीची झाडे विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. गाजरगवत उघड्या हातांनी उपटू नये. पुण्यात १९५५ च्या सुमारास ज्याची दखल घेतली गेली, ते हे गवत आज देशभर पसरले आहे आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला विकार होतो. या नियमांविषयी पालकांची तक्रार कधी आली नाही.

तक्रार येते ती पुढच्या नियमाविषयी. तो असा की, जर्नलमध्ये जे डोळ्यांनी पाहिले तेच काढावे. पुस्तकातले काढू नये.

ऐकण्यास हे सोपे वाटते. प्रत्यक्षात सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद घ्यावयाचा असतो. ब्लेड पाण्याने ओले करून, हात स्थिर ठेवून वीस-पंचवीस काप घ्यावे, ते पाण्यात सोडावे, त्यांतला सर्वांत पातळ निवडावा, सॅफ्रॅनिनने रंगवावा, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवावा आणि सुईच्या आधाराने वरची काच तिरकी टेकवीत बुडबुडा न येईल अशी सोडावी. एवढे करूनही नवशिक्याचा छेद एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटलेला निघतो. पुस्तकात मात्र वाहिनीपुंजांचे सुबक कडे छापलेले असते. मुलगा एकदा भिंगातून पाहतो, एकदा पुस्तकात पाहतो आणि पुस्तकाचे चित्र उतरवून मोकळा होतो. मी विद्यार्थ्यांना सांगत असे की, छेदाचा जो भाग स्वच्छ दिसतो तेवढाच काढा आणि उरलेल्या ठिकाणी ‘हा भाग स्पष्ट दिसला नाही’ असे लिहा. त्या वाक्याला मी गुण देत असे. काही सहकाऱ्यांना हे विचित्र वाटे; माझे मत अजूनही तेच आहे.

एक उदाहरण देतो. जास्वंदीच्या फुलाचे वर्णन लिहावयाचे होते. एका मुलीने घरच्या अंगणातले फूल आणले, ते दुहेरी जास्वंदीचे निघाले. पुस्तकात पाच पाकळ्या आणि पुंकेसरांची एक नळी. हिच्या फुलात पाकळ्या मोजता मोजता पुरेनात आणि पुंकेसर जेमतेम हाताला लागले. शेजारच्या मुलींनी तिला पाचच काढण्याचा सल्ला दिला. तिने तो मानला नाही. जे दिसले ते काढले आणि खाली लिहिले की, काही पाकळ्यांच्या कडेला परागकोश चिकटलेले आहेत. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरच रूपांतर पावून पाकळ्यांसारखे होतात, ही गोष्ट तोवर मी त्या वर्गाला सांगितलेली नव्हती. ती त्या मुलीने स्वतः पाहिली. पाच पाकळ्या काढल्या असत्या तर गुण तेवढेच मिळाले असते, पण ती वस्तू तिच्या हातून निसटली असती.

आता घराकडे वळतो. बाजारात आकृत्या काढून तयार केलेली जर्नले विकत मिळतात. ती न मिळाली तर थोरल्या भावाचे जुने जर्नल निघते. तेही नसल्यास चित्रकला बरी असलेली मावशी बसते आणि एका रात्रीत वर्षभराच्या आकृत्या पुऱ्या होतात. आईवडील हे प्रेमापोटी करतात, याविषयी मला शंका नाही. मूल रात्री अकराला क्लासहून येते, त्याची दया येते. बारावीच्या जीवशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असल्यामुळे जर्नल अपुरे राहिले तर चालत नाही, हेही खरे. आपल्याच ज्ञातीतील एका सद्गृहस्थांनी मला रोखठोक विचारले होते, “सर, नीटच्या परीक्षेत आकृती कुठे काढायला सांगतात?” सांगत नाहीत. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात आणि ते पर्याय निवडून मिळतात. त्यांचा हिशेब बरोबर होता. मी त्यांना एवढेच म्हटले की, तुमचा मुलगा डॉक्टर झाल्यावर रुग्णाच्या रक्ताची काचपट्टी त्याच्यासमोर येईल. तीत पुस्तकातले चित्र दिसावे की रुग्णाचे रक्त, हे तुम्ही आज ठरवीत आहात. ते हसले, पण जर्नल त्यांनी परत नेले आणि मुलाने ते पुन्हा काढले.

वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासही हाच नियम लागू आहे. नमुना सुमारे ४२ सेंटिमीटर लांब व २९ सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर चिकटवून त्याच्या चिठ्ठीवर नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावयाचे असते. फुलाचा रंगही लिहावा लागतो, कारण वाळल्यावर तो उरत नाही. ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना म्हणजे वाळलेला पाला. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला, तो असल्याच चिठ्ठ्यांच्या आधारे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहालय आणि पुण्यात मालवणचे सुपुत्र शं. पु. आघारकर यांनी १९४६ मध्ये स्थापिलेली संस्था, या दोन्ही ठिकाणचे जुने नमुने मुलांना दाखवावेत. एखादे झाड पूर्वी कोठे होते आणि आता तेथून नाहीसे झाले, हे त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवरूनच कळते. चिठ्ठीवरचे ठिकाण अंदाजाने लिहिलेले असेल, तर पुढच्या शंभर वर्षांची फसवणूक होते.

तोडण्याचीही मर्यादा असते. एक फांदी पुरते. झाड मुळासकट उपटू नये. एके ठिकाणी चार-पाचच रोपे दिसली, तर चित्र काढून परतावे. कासच्या पठाराचा समावेश २०१२ साली जागतिक वारशात झाला. तेथील फूल कोणत्याही संग्रहासाठी तोडू नये, ते उभे असतानाच पाहावे.

जूनमध्ये वर्ग सुरू होतील. पालकांनी एवढी सामग्री द्यावी: एचबी पेन्सिल, चांगले रबर, पट्टी, नवे ब्लेड आणि जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा. नमुना दाबून ठेवल्यावर पावसाळ्यात त्याखालचे कागद रोज बदलावे लागतात, अन्यथा दोन दिवसांत बुरशी येते. ते काम मात्र मुलांनाच करू द्यावे.