नोकरीची बातमी आणि तिचा जामीन



ह्या ज्युबिली महोत्सवांत आतांपर्यंत जीं भाषणें झालीं, त्यांत देवळाच्या उभारणीचें व आपल्या पूर्वजांच्या कष्टांचें वर्णन आलें. आमच्या वांट्यास आलेला विषय त्या मानानें अगदींच व्यवहारी आहे. इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या द्वारें नोकरी कशी शोधावी, ह्याविषयीं चार शब्द सांगावे, अशी व्यवस्थापक मंडळाची आज्ञा झाली. तथापि ज्या घरीं पदवी घेतलेला मुलगा वर्ष-दीड वर्ष मोबाईलवर अर्जांमागून अर्ज करीत बसला आहे, आणि एकाहि अर्जास उत्तर आलेलें नाहीं, त्या घरीं ह्याहून मोठा विषय नसतो.

पूर्वीं नोकरीची बातमी माणसाबरोबर येत असे. गोव्याहून मुंबईस येणारा आपला बांधव आपल्या गांवच्या कुडांत उतरे. कूड म्हणजे एकेका गांवच्या लोकांनीं मुंबईंत चालविलेलें बिऱ्हाड. कोणत्या आगबोटीवर माणसें घेत आहेत, हें त्यास तेथेंच कळे. वसईच्या मुलास रेल्वेंतला मामा किंवा गिरणींतला शेजारी बातमी आणी. बातमी आणणारा तोच तिचा जामीन असे. कारण नोकरी खोटी निघाली, तर पुढल्या रविवारीं देवळाच्या दारांत त्याची गांठ पडणारच होती. ह्या पद्धतीचे गोडवे मात्र आम्ही गाणार नाहीं. ज्यास मामा नव्हता, त्यास बातमीहि नव्हती, आणि वशिल्यापायीं किती लायक मुलें मागें राहिलीं, ह्याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं.

हा अन्याय संकेतस्थळांनीं पुष्कळसा दूर केला. भारतांत १९९७ सालीं श्री. संजीव बिखचंदानी ह्यांनीं नौकरी डॉट कॉम सुरू केलें. परदेशांतून लिंक्डइन २००३ मध्यें व इंडीड २००४ मध्यें पुढें आलें. २०१५ सालीं भारत सरकारनें नॅशनल करिअर सर्व्हिस हें विनामूल्य स्थळ उघडलें, आणि आपल्या राज्याचें महास्वयंहि आहे. आज अनाथ मुलास आणि साहेबाच्या मुलास एकच जाहिरात एकाच क्षणीं दिसते. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु संकेतस्थळ बातमी देतें, जामीन देत नाहीं, आणि आमचें सर्व सांगणें ह्या एका उणिवेभोंवतीं आहे.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो तें पाहूं. बहुतेक ठिकाणीं नोंदणी व अर्ज ह्यांस उमेदवाराकडून कांहीं घेत नाहींत. पैसा देतो तो मालकवर्ग, आणि तोहि केवळ जाहिरातीपुरता नव्हे. उमेदवारांनीं भरून ठेवलेल्या माहितीच्या भांडारांत शोध करण्याचा परवाना, हा ह्या धंद्याचा मोठा माल आहे. म्हणजे तुम्ही नोकरी पाहावयास बाजारांत जातां, त्याच वेळीं कोणी तुम्हांस पाहात असतो. आणि पुष्कळदां प्रथम पाहतें तें यंत्र, जें शब्द जुळवितें. “कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ” असें लिहून तेथें कांहीं साधत नाहीं. त्या शब्दांनीं कोणी शोध करीत नाहीं. “वायरमन, परवानाधारक, कारखान्यांतील पॅनेलचें तीन वर्षें काम” असें लिहा, म्हणजे तसा मनुष्य शोधणाऱ्यास तुम्ही सांपडाल. जाहिरातींत कामाचें वर्णन ज्या शब्दांनीं केलें असेल तेच शब्द, ते तुमच्याविषयीं खरे असल्यास, आपल्या माहितींत घालावे. माहिती वरचेवर ताजी करावी. वर्षभर न उघडलेल्या खात्याकडे शोधणारे सहसा वळत नाहींत.

दुसरें असें, कीं इंडीडसारखीं स्थळें इतरांच्याहि जाहिराती गोळा करितात. एकच जागा चार ठिकाणीं दिसते, आणि ती भरली गेली तरी कोठें तरी तिची जाहिरात लटकत राहते. म्हणून ती जागा त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे काय तें पाहावें, व असल्यास अर्ज तेथेंच करावा. एका बोटानें शंभर अर्ज करणें सोपें झालें आहे, म्हणूनच मालकाच्या दारीं ढीग पडतो. आमच्या मतें दहाच निवडावे आणि प्रत्येकासाठीं माहिती नव्यानें मांडावी.

आतां जामिनाचा प्रश्न. आमच्या परिचयाच्या एका परिचारिकेस परदेशांतील एका रुग्णालयाचें नेमणूकपत्र आलें. मुलाखत झाली ती केवळ मोबाईलवरील लेखी संदेशांनीं. पत्रावर शिक्का होता, सही होती. मग वैद्यकीय तपासणीचे पैसे मागितले, मग व्हिसाचे, मग “परत मिळणारी” अनामत. आईनें बांगड्या गहाण ठेविल्या. रुग्णालय खरें होतें. त्यास मात्र ह्या पत्राची वार्ताहि नव्हती.

ह्याहून भयंकर प्रकार आहेत. सप्टेंबर २०२२ मध्यें आपल्या परराष्ट्र मंत्रालयानें जाहीर इशारा दिला, कीं थायलंडमध्यें संगणकीय विक्रीच्या नोकऱ्या देतों असें समाजमाध्यमांवर सांगून शिकलेल्या तरुणांस नेतात, आणि सीमा ओलांडून बहुतेकांस म्यानमारांत डांबतात. परदेशीं माणसें धाडणारा दलाल १९८३ च्या कायद्यान्वयें नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट ह्या सरकारी स्थळावर त्याचें नांव तपासतां येतें, आणि ३०,००० रुपये व त्यावरील कर ह्यापलीकडे त्यास उमेदवाराकडून सेवाशुल्क घेतां येत नाहीं. देशांतील नोकरीसाठीं तर अनामत, गणवेश किंवा शिक्षण ह्यांच्या नांवानें आगाऊ पैसे मागणें हीच लबाडीची खूण समजावी. पैसा गेलाच, तर लाजेनें गप्प बसूं नये. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें. लवकर कळविल्यास तो वाटेंतच अडविला जाण्याचा संभव असतो. आणि वडील मंडळींस एक विनंति: मुलगी “मला शंका येते” म्हणाली, तर “चालून आलेली नोकरी घालवूं नकोस” असें तिला म्हणूं नका.

कुडांतल्या त्या जाणत्या माणसाची जागा आज धर्मग्रामानेंच भरावी, अशी आमची सूचना आहे. आपल्यांत परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, बँकेंत, बंदरांत व विमानतळावर काम करणारे आहेत, आखातांतून परतलेले आहेत. त्यांनीं कोणाची शिफारस करावयाची नाहीं. तसें केल्यास वशिला मागल्या दारानें परत येईल. ही कचेरी खरी आहे काय, हा पगार ह्या कामास संभवनीय आहे काय, ह्या जागेस कोणतें प्रमाणपत्र लागतें, एवढेंच त्यांनीं विचारणारास सांगावें. महिन्याच्या पहिल्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या सभागृहांत त्यासाठीं एक टेबल मांडण्यास चिटणीसांची संमति मिळाली आहे. ज्यांस आपल्या अनुभवाचा लाभ देतां येईल, त्यांनीं नांव, कामाचें क्षेत्र व भेटीची सोयीची वेळ सभा संपतांच वहींत लिहावी. वही दाराजवळ ठेविली आहे.