गर्भवतीची तपासणी व तंबाखूचा त्याग
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात कुही येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आमचे आयुष्य शाळेत गेले. पण जन्मतःच अशक्त असलेल्या मुलाला केवळ पाटी-पुस्तक देऊन सशक्त करता येत नाही, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहिले. मुलाच्या प्रकृतीचा पाया मातेच्या उदरात घातला जातो. म्हणून आज आम्ही शाळेच्याही आधीच्या गोष्टीविषयी बोलणार आहोत.

आपल्या भागात पुरुषांच्या हाती खर्रा दिसतो. तंबाखू, सुपारी व चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ पानठेल्यापुरता राहिलेला नाही. रोवण्याच्या बांधीत आणि मिरचीच्या सातऱ्यावर राबणाऱ्या आपल्या भगिनींच्या कमरेलाही तंबाखूची पुडी असते. कोणी दाढदुखीवर, कोणी भूक मारण्यासाठी, कोणी पोट साफ व्हावे म्हणून तिचा आरंभ करते, आणि पुढे ती सुटत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा सुमारे १७ तंबाखूचे सेवन करतात असे आढळले.

“आम्ही विडी ओढीत नाही, नुसती चघळतो; पोटातल्या बाळाला काय होणार?” असे पुष्कळ जणी म्हणतात. हा समज खोटा आहे. तंबाखूतील निकोटीन रक्तात मिसळते, वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकारी यांनी १२१७ स्त्रियांचा अभ्यास केला व तो २००४ साली प्रसिद्ध झाला. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरीने सुमारे १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळले. आधीच रक्त कमी असलेल्या मातेच्या पोटी जन्मणाऱ्या मुलाला एवढी तूटही जड जाते. घरात कोणी विडी ओढीत असेल तर तिचा धूरही गर्भवतीला बाधतो.

मग ह्या गोष्टी दवाखान्यात का कळत नाहीत? कारण लाज! पुरुषाच्या खर्ऱ्याला आपण शौक म्हणतो आणि स्त्रीच्या पुडीला कलंक मानतो. त्यामुळे ती लपवून खाते आणि विचारले तर नाही म्हणते. जी गोष्ट सांगताच येत नाही, तिच्यावर उपाय तरी कसा व्हावा? आमच्या मते ह्या व्यसनाहून त्याची लाजच अधिक घातक आहे.

ह्यावर उत्तम साधन आपल्या दाराशी आहे, ते म्हणजे गर्भवतीची नियमित तपासणी. पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवावे आणि निदान चार वेळा तपासणी व्हावी, असा शासनाचा दंडक आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींच्या तपासणीचा विशेष दिवसही पाळला जातो. वजन, रक्तदाब व रक्त पाहताना तंबाखूचाही प्रश्न दर वेळी विचारला जावा. तो सासू किंवा नवरा यांच्यासमोर विचारू नये. एकांतात, मायेने विचारावा. नुसता “सोड” म्हणून हुकूम करू नये. ती केव्हा खाते, कशासाठी खाते, हे ऐकून घ्यावे, सोडण्याचा दिवस तिलाच ठरवू द्यावा, आणि पुढील भेटीत त्याची विचारपूस करावी. पहिले काही दिवस चिडचिड व डोकेदुखी होते, पण तलफ थोड्या वेळात ओसरते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, हाताला काम द्यावे. गर्भारपणात मनाने औषधे मात्र घेऊ नयेत. १८००-११-२३५६ ह्या दूरध्वनीवर व्यसनमुक्तीचा सल्ला विनामूल्य मिळतो. एखादीने पुन्हा पुडी उघडली, तर तिला रागावू नये. पुनश्च आरंभ करावा.

परंतु परिचारिका आणि आशाताई महिन्यातून काही घटका भेटतात. बाकी सारे दिवस सून आपल्या घरात असते. शेजारी सासू तंबाखू मळीत बसली आणि नवरा खर्रा घोटू लागला, तर ती एकटी कशी टिकणार? घरात गर्भवती असताना कर्त्या माणसांनी आपलीही पुडी बाजूस ठेवावी. बाळंतपणानंतरही हाच नियम पाळावा, कारण निकोटीन अंगावरच्या दुधातूनही बाळास जाते.

मंडळास आमची नम्र सूचना आहे. ज्ञातीच्या लग्नकार्यात व बैठकीत तंबाखूचे ताट फिरू नये. डोहाळजेवणास जमलेल्या वडील स्त्रियांनी ओटी भरताना तपासणीची आठवण द्यावी. आणि जी भगिनी आपले व्यसन उघड सांगेल, तिची निंदा होऊ नये, तिचा धीर वाखाणला जावा. हा ठराव आजच संमत झाला, तर शाळेत पुढे येणाऱ्या पिढीवर ज्ञातीचे मोठेच उपकार होतील.