वकिलाची फी आणि आपला न्याय

(बेडोक, सिंगापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





अशा मेळाव्यात शिक्षणावर आणि धम्मावर पुष्कळ बोलले जाते. आज आम्ही एका रुक्ष, परंतु प्रत्येक घराला केव्हा ना केव्हा भिडणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे वकिलाची फी. बेडोकमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांचा कायद्याशी दुहेरी संबंध येतो. येथे नोकरी, घर आणि करारमदार. गावाकडे शेतजमीन, वारसनोंद, अपघात, प्रसंगी अत्याचाराची फिर्याद. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो : वकिलाला द्यायचे किती आणि कोणत्या हिशेबाने?

फी आकारण्याच्या दोन पद्धती विशेष चर्चेत असतात. पहिली तासावारी. अमेरिकेत १९६०च्या दशकात ती सर्वत्र रूढ झाली. तासाचे सहा-सहा मिनिटांचे दहा भाग पाडून वाचलेले पत्र, केलेला दूरध्वनी, सारे बिलात येते. दुसरी टक्केवारीची. दावा जिंकल्यास मिळालेल्या रकमेत वकिलाचा हिस्सा, हरल्यास फी नाही. अमेरिकेत अपघाताच्या दाव्यांत हा हिस्सा बहुधा एक तृतीयांश असतो. पहिलीत काम लांबले तर भुर्दंड पक्षकाराला. दुसरीत वकील स्वतःच दाव्याचा भागीदार होतो.

या भागीदारीलाच भारतात मनाई आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरविता येत नाही. वसुलीचा अर्धा वाटा ठरविणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलाची सनद मुंबई उच्च न्यायालयाने निलंबित केली होती. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दोषी धरले. २०१७ साली तेलंगणातील एका विधवेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पतीच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईतून दहा लाख रुपये फी दिल्यावरही वकिलाने तिच्याकडून आणखी दहा लाखांचा धनादेश लिहून घेतला होता. टक्केवारीची अशी मागणी सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरविले.

सिंगापूरचा कायदाही याच बाजूचा आहे. २०२२ पासून लवाद आणि काही विशिष्ट आंतरराष्ट्रीय व्यापारी दाव्यांपुरती यशावर अवलंबून सशर्त फी मान्य झाली. मिळालेल्या रकमेतील हिस्सा मात्र निषिद्धच राहिला.

ही मनाई गरिबाचे रक्षण करते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु रक्षण करणे वेगळे आणि दार उघडणे वेगळे. महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवावा. १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी तो बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दाखल केला. महाड, ठाणे आणि मुंबई अशा तीन न्यायालयांतून जात १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. नऊ वर्षांहून अधिक काळ! तासावारी फी महाडच्या अस्पृश्यांना परवडली असती काय? आणि टक्केवारी कशाची ठरविणार? जिंकून मिळणार होता तो पाण्याचा हक्क. ओंजळभर पाण्यातला एक तृतीयांश वकिलाला कसा देणार?

आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. तासावारी फी पैसेवाल्याच्या कामाची, टक्केवारी पैशाच्या दाव्याच्या कामाची. माणुसकीचा हक्क दोन्हींत बसत नाही. बाबासाहेबांनी अनेक गरिबांचे खटले विनामूल्य चालविले. परंतु एकाच्या त्यागावर साऱ्या समाजाचा न्याय उभा राहत नाही, त्यासाठी व्यवस्था लागते. अमेरिकेने १९७६ साली कायदा करून नागरी हक्कांच्या दाव्यात जिंकणाऱ्याच्या वकिलाची वाजवी फी हरणाऱ्याकडून देवविण्याची सोय केली, ती याच जाणिवेतून.

भारतातही अशी व्यवस्था आहे, पण आपल्याच गावी ती अनेकांना ठाऊक नसते. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ साली अमलात आला. त्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. १९९० पासून अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे वा जिल्हा प्राधिकरणाकडे करावयाचा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटला तर सरकारी खर्चाने विशेष सरकारी वकील चालवितो.

सिंगापुरातही १९५८ पासून विधी साहाय्य कार्यालय आहे. मात्र ते नागरिक व कायम रहिवासी यांच्यासाठी, आणि उत्पन्नाची अट पाहून. पगाराच्या तक्रारींसाठी २०१७ पासून स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. तेथे, तसेच छोट्या रकमांच्या न्यायाधिकरणात, वकिलाला उभे राहण्याची मुभाच नाही. म्हणजे फीचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. वकील नेमताना फीचा आधार आणि अंदाजी खर्च लेखी मागा. येथील वकिलावर तो सांगण्याचे बंधन आहे आणि बिल अवाजवी वाटल्यास न्यायालयाकडून तपासून घेता येते. गावी दर महिन्याला पैसे पाठविता, त्याबरोबर विधी सेवा समितीची ही माहितीही पाठवा. आणि संस्थेने एक छोटा निधी राखावा, तारखेपायी ज्याचा रोज बुडतो त्याच्यासाठी. कारण वकील मोफत मिळूनही, पोटासाठी तारीख चुकविणारा माणूस खटला हरतो.

येथे वाढणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी काही उद्या वकील होतील, तासावारी भरपूर मिळवतील. त्यांचा आम्हांस अभिमानच वाटेल. वर्षाकाठच्या त्या तासांतले काही तास त्यांनी बिलाबाहेर ठेवावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम.