आकाशातून मोजलेले वावर



आपल्याकडे जमीन मोजायची म्हटली की मोजणीदार येतो, हद्दीच्या खुणा शोधल्या जातात आणि दोन्ही शेजारी बांधावर येऊन उभे राहतात. गुंठाभर जागेसाठी भावाभावांत वाद होतो. मग साऱ्या पृथ्वीवरची पिकाखालची जमीन कोण मोजतो? आशियात किती, आफ्रिकेत किती, हे कसं ठरतं?

आज हे काम उपग्रहांच्या चित्रांवरून होतं. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ साली वर गेला, आपला आयआरएस-१ए १९८८ साली. उपग्रहाला बांध कळत नाही. तो जमिनीचे चौकोनी ठिपके पाडतो आणि प्रत्येक ठिपक्यावरून परत येणारा प्रकाश नोंदतो. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं, आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पुष्कळसा परत फेकतो. त्यावरून हिरवळ ओळखता येते. नंतर पिकाचे ठिपके मोजायचे, की झाला हिशेब.

पण हिशेब इतका सरळ नाही. पहिला प्रश्न ठिपक्याचा. ५०० मीटरचा ठिपका म्हणजे २५ हेक्टर, सुमारे ६२ एकर. आपल्या परभणीत तेवढ्यात कित्येकांची वावरं, एखादा ओढा आणि चार बाभळी सहज मावतील. ३० मीटरचा ठिपका साधारण नऊ गुंठ्यांचा, तर १० मीटरचा जवळजवळ एका गुंठ्याचा. अमेरिकेच्या मोठमोठ्या शेतांना मोठा ठिपका चालून जातो. आपल्या किंवा आफ्रिकेच्या लहान तुकड्यांत तो फसतो. एकाच मापानं दोघांना मोजलं, तरी चूक सारखी होत नाही.

दुसरा प्रश्न महिन्याचा. रब्बी ज्वारीसाठी आपण काळं रान पावसाळ्यात मोकळं ठेवतो, पाळ्या घालतो. ऑगस्टात वरून पाहणाऱ्याला ते ओसाडच वाटेल! डिसेंबरात तिथंच ज्वारी डोलत असते. शिवाय खरिपात ढग आड येतात. म्हणून वर्षभराची चित्रं जुळवावी लागतात.

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा : शेत कशाला म्हणायचं? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं २०१७ साली ३० मीटरचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात जगातली शेतजमीन सुमारे १८७ कोटी हेक्टर, आणि पहिला नंबर भारताचा : जवळजवळ १८ कोटी हेक्टर. मात्र त्यात पडीत राहिलेली शेतं आणि फळबागा, मळेही धरले होते. मेरीलँड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी झाडांची लागवड वगळली, फार दिवस पडीत असलेली जमीनही वगळली. त्यांचा २०१९ सालचा जगाचा आकडा भरला सुमारे १२४ कोटी! दोघांपैकी खोटं कुणीच बोललं नाही, व्याख्याच निराळी.

याचं आपल्याला काय, असं कुणी विचारील. सांगतो. आपल्या सरकारी नोंदीत देशाचं निव्वळ पेरणीक्षेत्र सुमारे १४ कोटी हेक्टर आहे. तेच धान्य १४ ऐवजी १८ कोटींनी भागलं, तर हेक्टरी उत्पन्न लगेच कमी दिसेल, आणि ठपका येईल शेतकऱ्यावर. ज्या रानात पेरलंच नाही, त्याचाही जाब त्याला द्यावा लागेल! म्हणून दोन प्रदेशांची तुलना करताना व्याख्या एकच हवी, आणि दोन्हीकडे काही ठिपके निवडून, प्रत्यक्ष रानात जाऊन ताडून पाहायला हवेत. तिथं किती चुका निघाल्या, त्यावरून एकूण आकडा दुरुस्त करायचा असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा मुलांना शिवारातच शिकवता येईल. चौकटीच्या कागदावर गावाचं शिवार काढा. ऑगस्टात पिकाच्या चौकटी रंगवा, दुसऱ्या कागदावर जानेवारीत. अर्ध्यामुर्ध्या चौकटीचं काय करायचं, यावर मुलं भांडतील, भांडू द्या. मग दोन्ही बेरजा सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीशी ताडून पाहा.

आणि शेतकरी बंधूंनो, आपली पीकपाहणी खरी नोंदवा. आकाशातल्या डोळ्यानं कितीही पाहिलं, तरी त्याची खातरजमा शेवटी बांधावरच व्हायची असते.